उतरलेला आकडा

१

आकडा उतरला होता, आणि नेमक्या त्याच गोष्टीने डॉ. पंचशीला गजभारे यांना कोड्यात टाकलं होतं.

हातातल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, बिलिरुबिन नऊ. बिलिरुबिन म्हणजे काविळीत रक्तात साचणारं पिवळं द्रव्य. थोडं असलं तर बाळ नुसतं पिवळं दिसतं, फार झालं तर ते मेंदूत शिरतं. महानंदाची मुलगी दिवस भरायच्या आधीच जगात आलेली, म्हणून तिला घरी सोडताना बाईंनी ते मोजून घेतलं होतं. तेव्हा बारा भरलं होतं. आज नऊ. हिशेबाने पोरीने आता हातपाय झाडत दूध मागायला हवं होतं.

टेबलावरची पोरगी मात्र ओल्या फडक्यासारखी पडली होती. कपाळावर विभूतीची पांढरीशुभ्र बोटं, गळ्यात जंगमस्वामींनी बांधलेलं लिंग, आणि अंगात जीव नाही. टाचेला टिचकी मारली तर बारीक कुईं करून गप्प. बाईंनी तिच्या कानाशी जोरात टाळी वाजवली. पापणीसुद्धा हलली नाही.

"काल पाचवी पुजली तवा बरी होती," महानंदा म्हणाली. पहिलटकरीण, रडून रडून डोळे सुजलेले. "आज सकाळपासून दूधच ओढंना झालीय."

"बाहेरचं काही पाजलंत? गुटी, मध, कसली दवा?"

"न्हाई बाई. तुमी सांगितल्यापासून अव्वा कुनाला एक थेंब देऊ देत न्हाई." अव्वा म्हणजे तिची आई.

ताप नव्हता, नाळ कोरडी होती, रक्तातल्या पेशी जागच्या जागी होत्या. तरी संसर्गाची शंका नको म्हणून बाईंनी सुई टोचली आणि बाळाला निळ्या दिव्यांखाली ठेवलं. खरा पेच पुढेच होता. पिवळं मेंदूत शिरलं असेल तर पोरीचं रक्त आजच बदलायला हवं. पण वीतभर पोरीचं रक्त बदलणं म्हणजे विस्तवाशी खेळ, आणि नऊ आकड्यावर तो खेळ कुणी शहाणा डॉक्टर खेळत नाही. थांबावं, तर ते पिवळं आधी कान खातं, मग बाकीचं. पोरगी खरं सांगते की कागद, हे संध्याकाळच्या आत कळायला हवं होतं.

आणि कागद तर शिवमूर्तीचा होता. बाईंनी चपला घातल्या.

२

लातूर जिल्हा झाल्यापासून गावात पाट्यांना ऊत आला होता. ज्याच्या-त्याच्या पाटीवर 'जिल्हा' शब्द चढला होता. पाऊस सलग रुसलेला, नळाला पाणी नाही, पण पाट्या मात्र ताज्या रंगाने चकचकत होत्या. शिवमूर्तीने आपल्या दोन खोल्यांवर 'जिल्हा रक्त तपासणी केंद्र' असं रंगवून घेतलं होतं. पूर्वी असल्या तपासण्यांना उस्मानाबाद नाहीतर सोलापूर गाठावं लागे, त्यामुळे माणसं त्याला मानत आणि तोही स्वतःला बऱ्यापैकी मानत असे.

"मॅडम, माझा आकडा चुकला म्हणता?" त्याचा चेहरा पडला.

"चुकला म्हणत नाही. नळी कुठं ठेवली होती ते विचारते."

शिवमूर्तीने बोट दाखवलं आणि बोट दाखवता दाखवताच चूक त्याच्या लक्षात आली. नळ्या उभ्या ठेवायची घोडी खिडकीशी होती, आणि दुष्काळातलं ऊन त्या खिडकीतून सरळ आत येऊन बसलं होतं. बिलिरुबिन उजेडात मरतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि बाईंनाही. रक्ताची नळी उन्हात राहिली की आकडा खोटाच खाली उतरतो.

बाईंना हायसं वाटलं. गुन्हेगार सापडला होता, आणि तो बिचारा खिडकीएवढा साधा होता. त्यांनी ताजं रक्त काळ्या कागदात गुंडाळूनच आणलं होतं. शिवमूर्तीने खिडकी लावली, पडदा ओढला, आणि दोघांनी मिळून तपासणी पहिल्यापासून केली. रंग चढला. शिवमूर्तीने यंत्राचा काटा वाचला, मग बाईंनी वाचला, मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पुन्हा नऊच.

"मॅडम," शिवमूर्ती हळूच म्हणाला, "सकाळच्या नळीला ऊन लागायच्या आधीच मी ती वापरली असणार. आकडा खरा हाय. मग बाळ खोटं बोलतंय का?"

पाच-सहा दिवसांचं बाळ खोटं बोलत नाही. ते शिकायला थोडी वर्षं लागतात. म्हणजे दोन्ही खरे होते, आणि दोन्ही खरे असणं हेच सगळ्यात वाईट होतं. कारण आकडा आपोआप उतरला नसेल, तर कुणीतरी तो उतरवला होता.

३

महानंदाचे वडील बसलिंगप्पा यांची धान्याच्या मोंढ्यात तुरीची आडत. घर मोंढ्यामागच्या गल्लीत. बाई पोचल्या तेव्हा ओसरीवर दोन विहिणींची जुंपली होती.

"हिनं कायतरी चाटवलंय पोरीला," महानंदाची आई गुरम्मा बाईंकडे वळून म्हणाल्या. "नायगावहून गुटीची सहाण घेऊन आलीय. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली."

सिद्धम्मा, महानंदाची सासू, पाचवीसाठी नायगावहून आलेली. अंगाने थोराड, आवाजाने त्याहून. "आनली की. नातीला आनू नको तर काय. पर हिनं उघडू दिली का? डाक्टरबाई न्हाई म्हनल्या, डाक्टरबाई न्हाई म्हनल्या, सारखी तीच रड. आता पोर बरी झाली की मी नायगावला घेऊन चालले. पुन्हा ह्या उंबऱ्याला सून धाडायची न्हाई आन नातपन न्हाई."

गुरम्मांच्या तोंडचं पाणी पळालं. महानंदा त्यांची एकुलती एक लेक होती. सिद्धम्मा बोलली तसं करणारी बाई आहे, हे गल्लीतल्या शेळीलासुद्धा कळलं असतं.

"सहाण दाखवा," पंचशीलाबाई म्हणाल्या.

सिद्धम्माने पिशवीतून गाठोडं काढून आदळलं. सहाण वर्तमानपत्रात गुंडाळलेली, वरून सुतळीची गाठ, गाठीवर एसटीच्या प्रवासाची धूळ जशीच्या तशी. बाईंनी गाठ सोडली. दगड कोरडा होता, त्यावर उगाळल्याचा एकही ओघळ नव्हता. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, सगळं अखंड. बाईंनी वर्तमानपत्र तेवढं घडी करून आपल्या पिशवीत ठेवलं. कामाचा कागद टाकवत नाही, ही खोड त्यांना हदगावच्या आपल्या आईकडून आली होती.

"सिद्धम्मा मावशींनी काही दिलेलं नाही," त्या म्हणाल्या. सिद्धम्माने विहिणीकडे असं पाहिलं की गुरम्मांनी पदर सावरला.

मग बाईंनी बाळंतिणीची खोली पाहिली. अशी खोली आपल्याला इस्पितळात का ठेवता येत नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. दुपटी उकळून वाळवलेली, वाटी-चमचा झाकलेला, शेगडीवर पाणी. टँकरचं पाणी, पण गाळून, उकळून, पुन्हा गाळून.

"तुमी सांगितलं तसंच सगळं," गुरम्मा शाळकरी पोरीसारख्या म्हणू लागल्या. "गुटी द्यायची न्हाई. मध द्यायचा न्हाई. नाळंला राख लावायची न्हाई, राखंत जंतू असतात. जंतूचं नाव ठेवलं न्हाई बघा मी ह्या खोलीत."

पंचशीलाबाईंना समाधान वाटलं. बाळंतिणींना घरी सोडताना त्या जे भाषण देत, ते इतकं शब्दशः पाठ केलेलं पहिल्यांदाच ऐकायला मिळत होतं.

"घरात आजारी कोण होतं?"

"मी," बसलिंगप्पा दारातून म्हणाले. कपाळावर करड्या विभूतीचे तीन पट्टे, स्वभावाने गरीब. "टँकरच्या पान्यानं पोट बिघडलं होतं. गल्लीतल्या कंपौंडरनं पांढऱ्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांत खणखणीत झालो. मी पोरीला शिवलोपन न्हाई तवा."

"महानंदानं घेतल्या का त्या?"

"न्हाई न्हाई. तिला पोटाचं काई नव्हतं."

वाट तिथंच संपली. पंचशीलाबाई जिन्याशी थबकल्या. सासू सुटली, आई आदर्श, बाप लांब राहिलेला, शिवमूर्ती निर्दोष. ह्या घरात चूक करायला कुणी उरलंच नव्हतं, आणि चूक तर झाली होती.

४

सगळे बसलिंगप्पांच्या जीपमधून इस्पितळात आले. दोन्ही विहिणी मागच्या बाकावर बसल्या होत्या, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

महानंदा दिव्यांजवळच स्टुलावर बसली होती. पंचशीलाबाई तिच्या शेजारी टेकल्या.

"मला पुन्हा सांग. काल दिवसभर पोरगी काय काय करत होती. बारीकसारीक सांग."

"झोपायची, उठायची." महानंदाने आठवून पाहिलं. "एक व्हायचं बाई. पाजायला घ्यायच्या आधी तोंड वाकडं करायची. कडू लागल्यावानी. आमी हसायचो, म्हनलं आजोबावर गेलीय, त्येंनाबी गोळी घेताना असंच होतं."

"दूध प्यायच्या आधी?"

"व्हय. आधीच."

पंचशीलाबाई उठून उभ्या राहिल्या. बसलिंगप्पा दिव्याखाली वाकून नातीकडे पाहत होते. म्हाताऱ्याचं कपाळ आणि पोरीचं कपाळ शेजारी शेजारी आलं होतं. विभूती एकाच मठातली, गाईच्या शेणाच्या गोवऱ्यांची. आजोबांच्या कपाळावर ती करडी होती, जशी विभूती असते तशी. पोरीच्या कपाळावर मात्र पांढरीफेक, खडूसारखी.

सकाळी पाहिलेलं ते पांढरंशुभ्र बोट. बाईंना ते छानच वाटलं होतं.

त्या वळल्या. गुरम्मांनी कमरेच्या पिशवीतून पितळेचा छोटा करंडा काढला होता. डोळे मिटून त्या काहीतरी पुटपुटत होत्या. चिमूटभर पांढरं बोटाच्या टोकावर घेतलेलं, आणि ते बोट पोरीच्या ओठांकडे निघालेलं.

पंचशीलाबाईंनी त्यांचं मनगट धरलं.

"मावशी, थांबा. हे तुम्ही तिच्या तोंडात घालता?"

गुरम्मा गोंधळल्या. "हे का औषध हाय व्हय? इभूत हाय. कपाळाला लावायची, नाळंला लावायची, आन पाजायच्या आधी जिभंला जराशी. आमच्यात पिढ्यान्पिढ्या लावतात."

"नाळेला राख नको म्हटलं होतं मी."

"म्हनून तर," गुरम्मा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात जरासा अभिमानही होता. "साधी न्हाई ही. तुमी राखंत जंतू म्हनला. म्हनून मी ती साफ करून घेतली."

५

शिवमूर्तीला निरोप गेला. तो तेजाबाची बाटली आणि काचेच्या दोन बशा घेऊन धावतच आला. पंचशीलाबाईंनी नायगावच्या सहाणेचं वर्तमानपत्र पिशवीतून काढलं आणि त्याच्या न छापलेल्या कडेच्या दोन पट्ट्या फाडल्या.

"कॉलेजात असताना आमच्या सरांनी हे दाखवलं होतं," त्या म्हणाल्या. "महागडं यंत्र लागत नाही. स्वस्तातला वर्तमानपत्राचा कागद लागतो."

एका बशीत बसलिंगप्पांच्या बटव्यातली विभूती, दुसऱ्या बशीत गुरम्मांच्या करंड्यातली. शिवमूर्तीने दोन्हींवर पातळ तेजाब सोडलं. दोन्हीकडे बुडबुडे आले, राखेला येतातच. बुडबुडे शमल्यावर त्याने पहिल्या बशीतला थेंब एका पट्टीवर ठेवला. कागद ओला झाला, एवढंच. दुसऱ्या बशीतला थेंब दुसऱ्या पट्टीवर पडला आणि बघता बघता झेंडूच्या पाकळीसारखा केशरी झाला.

सिद्धम्माने कधी नव्हे तो आवाज खाली आणला. "काय हाय ते?"

"सल्फा. अप्पांच्या पोटाच्या गोळ्या." बाई गुरम्मांकडे वळल्या. "किती कुटल्या मावशी?"

"उरलेल्या समद्या," गुरम्मा म्हणाल्या. त्यांना अजून नीटसं कळलं नव्हतं. "जंतू मरतात म्हनला होता त्यो कंपौंडर. म्हनलं इभूतीतले जंतूबी मरतील. देवाचंबी राहील, डाक्टरचंबी राहील."

बसलिंगप्पा आडतीतलं डोकं चालवत म्हणाले, "पर बाई, पिवळं तर कमी झालं न्हवं? नऊ आलं. मग गोळीनं फायदाच झाला की."

"तीच तर मेख आहे. अप्पा, तुमच्या गोदामात तुरीची पोती आहेत. एका माणसानं बाहेरून आपला माल आणला, तुमची पोती दाराबाहेर फेकली आणि त्यांच्या जागी आपली रचली. मुनीम आत जाऊन तूर मोजतो. काय सांगेल?"

"कमी झाली म्हनंल."

"संपली का तूर?"

"कशाची संपतीय. रस्त्यावर पडलीय."

"पिवळं द्रव्य रक्तात एका प्रथिनाला धरून बसतं. तिथं आहे तोवर ते फारसं कुणाला त्रास देत नाही. सल्फा आली की त्याला ढकलून ती जागा स्वतः घेते. शिवमूर्ती रक्तात मोजतो, म्हणजे गोदामात मोजतो. त्याला कमी दिसणारच. आणि बाहेर पडलेलं पिवळं हिच्या मेंदूच्या वाटेला लागलंय. दिवस न भरलेल्या बाळात तर फारच लवकर. म्हणून आकडा उतरला आणि पोरगी मलूल झाली. शिवमूर्तीचं खरं होतं, हिचंही खरं होतं."

शिवमूर्तीने मोठा श्वास सोडला, आणि सोडल्याबद्दल त्याला लगेच लाजही वाटली.

गुरम्मा भिंतीला टेकून खाली बसल्या. रडल्या नाहीत. "मीच मारली व्हय हिला," एवढंच म्हणाल्या. खोलीतल्या सगळ्यांनी सिद्धम्माकडे पाहिलं. आता वीज पडणार होती.

पंचशीलाबाईंनी ती पडू दिली नाही. "तुम्ही राखेत औषध घातलंत ते माझ्या शब्दासाठी. राखेत जंतू असतात एवढं मी सांगितलं. न विचारता गोळी द्यायची नाही, कशातही मिसळून नाही, हे सांगायचं राहिलं. आणि आज मी औषध दिलं का म्हणून विचारलं. विभूती चाटवली का, असं विचारलं असतं तर सकाळीच कळलं असतं. बाकीचं भांडण नंतर. आता हिचं रक्त बदलायचंय. जुनं थोडं थोडं काढायचं, ताजं घालायचं, म्हणजे सल्फाही जाईल आणि पिवळंही जाईल. रक्त लागेल, आणि ते जुळायला हवं."

मग सिद्धम्मा पुढे आली आणि तिने हात लांब केला.

"माजं बघा. लई हाय माज्यात."

शिवमूर्तीने पाहिलं. जुळलं. सिद्धम्मा खाटेवर आडवी झाली, सुई टोचल्यावर डोळे घट्ट मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच म्हणाली, "इनबाई, खाली बसून काय करून राहिल्या? माज्यासाठी जरा चहा सांगा की. साखर जादा."

गुरम्मा उठल्या.

६

रक्त बदलताना पंचशीलाबाईंचा हात एकदाही हलला नाही. दुसऱ्या दिवशी पोरीने दूध ओढलं. मग मूठ वळली, मग तळपायांचा पिवळेपणा फिकटला. शिवमूर्ती रोज आकडा स्वतः आणून देई आणि आणून दिल्यावर, बाळ कसं आहे मॅडम, असं विचारल्याशिवाय जात नसे. नुसत्या आकड्यावर त्याचा आता तेवढा विश्वास उरला नव्हता, आणि बाईंना ते फार आवडलं.

एकच गोष्ट राहिली होती. बाई रोज पोरीच्या कानाशी टाळी वाजवत. कधी पापणी हलल्यासारखी वाटे, कधी नाही. झोपेत हलली की आवाजाने हलली, सांगता येत नसे. त्यांनी हे फक्त गुरम्मांना सांगितलं होतं, कारण गुरम्मांनी डोळ्यांत डोळे घालून विचारलं होतं आणि त्या बाईशी खोटं बोलणं त्यांना जमेना.

बारशाला त्या गेल्या. पाळण्याला झेंडूची माळ, गल्लीतल्या बायका दाटीवाटीने बसलेल्या. सिद्धम्मा नायगावला गेलीच नव्हती. विहिणीच्या घरात कुणी किती साखर घालायची हे तीच ठरवत होती. तिने कनवटीची एक डबी काढून गुरम्मांपुढे धरली.

"आमच्या गावची इभूत. कायबी मिसळलेलं न्हाई. लावा नातीला."

गुरम्मांनी हात मागे घेतला. इस्पितळातल्या त्या दिवसापासून त्यांनी पोरीच्या कपाळाला बोट लावलं नव्हतं. त्यांनी पंचशीलाबाईंकडे पाहिलं.

"कपाळाला लावा, मावशी," बाई म्हणाल्या. "ओठाच्या खाली काही नको. नाळेलाही नको."

गुरम्मांनी करडं बोट पोरीच्या कपाळावर ओढलं. आत्याने वाकून कानात नाव सांगितलं. पोरगी ढिम्म. बायका हसल्या, झोपाळू आहे म्हणाल्या. गुरम्मा मात्र हसल्या नाहीत, आणि पंचशीलाबाईंनाही हसता आलं नाही.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा भोंगा वाजला, अगदी दाराला लागून, कान फाटतील असा.

पाळण्यात पोरीचे दोन्ही हात एकदम फाकले, अंग दचकून उडालं, आणि तिने असा टाहो फोडला की माळेतली फुलं हलली. बायका घागरी घेऊन धावत सुटल्या, अर्धं बारसं रस्त्यावर गेलं. गुरम्मा जागच्या हलल्या नाहीत. त्या पंचशीलाबाईंकडे पाहत होत्या, आणि बाई मान हलवत होत्या, हो, हो, म्हणून, आणि त्यांना समोरचं धूसर दिसू लागलं होतं.

सिद्धम्माने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ती काही दूधखुळी नव्हती. ती तरातरा दारात गेली आणि टँकरवाल्याला हाक मारली.

"ए बाबा, पान्याचं राहू दे. आजून एकदा वाजीव."

त्याला काही कळलं नाही, पण त्याने वाजवला. आत पोरगी पुन्हा रडली. त्या दिवशी बसलिंगप्पांच्या घरात एक घागरही भरली गेली नाही, आणि कुणाला त्याची आठवणही झाली नाही.